परभाषेची ओढ कशी लागते?

रायगड जिल्ह्याच्या रोहे तालुक्यात अंबा नदीच्या काठी वसलेले नागोठणे आज मुंबई-गोवा महामार्गावरील एक गजबजलेला थांबा म्हणून लोकांच्या परिचयाचे आहे; परंतु ज्या काळी धरमतरच्या खाडीतून भरतीच्या पाण्याबरोबर गलबते थेट येथपर्यंत येत आणि मुंबईहून महाबळेश्वरास निघालेले गोरे साहेब येथेच उतरून पुढचा खुष्कीचा मार्ग धरीत, त्या काळापासून परक्या भाषा या गावाच्या कानांवर पडत आलेल्या आहेत. १५८० च्या सुमारास चौलच्या काझी अल्लाउद्दीनाने बांधलेला येथील दगडी पूल ज्या मुसलमानी अंमलाची आठवण देतो, त्या अंमलात वरिष्ठ कचेऱ्यांचे दप्तर फारसीत चाले, आणि ज्याला त्या कचेरीत चाकरी हवी त्याने फारसी शिकावी, हे कोणी कोणास सांगावे लागत नसे. जवळच्याच चौल बंदरात पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा विकण्याच्या इराद्याने उतरला. त्याच्या प्रवासवृत्तात रशियन मजकुराच्या मध्येच फारसी-तुर्की मिश्रणातील वाक्येच्या वाक्ये येतात, कारण बाजारपेठांतून चालणारी ती बोली वाटेत आत्मसात केल्यावाचून त्याचा व्यवहार होणारा नव्हता. आणि त्याच परिसरातील कोर्लई गावात, पोर्तुगीजांची सत्ता १७४० साली संपुष्टात येऊनही, पोर्तुगीज भाषेपासून निपजलेली बोली आजतागायत घराघरांत नांदते आहे.

या लोकांपैकी कोणालाही परभाषा आजच्यासारख्या शाळेने शिकविली नव्हती. उलटपक्षी, २००० सालापासून महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकविली जाते, म्हणजे दहावीच्या परीक्षेस बसणाऱ्या मुलाने त्या भाषेच्या सहवासात दहा वर्षे काढलेली असतात. आणि तरीही त्यांतील कित्येकांना बँकेच्या अर्जावरील चार ओळी कोणाच्या मदतीशिवाय भरता येत नाहीत, किंवा परक्या माणसाने विचारलेल्या साध्या प्रश्नास उत्तर देताना घाम फुटतो. याचे कारण विचारले असता शिक्षकांच्या दालनात एकच उत्तर ऐकावयास मिळते, ते म्हणजे ‘मुलांना शिकण्याची इच्छाच नाही’. हे उत्तर खोटे नाही, पण ते अर्धेच खरे आहे. इच्छा नाही म्हणून शिक्षण होत नाही, हे जितके खरे, तितकेच आपल्याला हे जमते असा अनुभव कधी आला नाही म्हणून इच्छा होत नाही, हेही खरे आहे. आणि शिक्षकाच्या हाती जे काही आहे, ते सारे या दुसऱ्या अर्ध्या भागात आहे.

परभाषा शिकणाऱ्याच्या मनातील प्रेरणेचा शास्त्रीय विचार प्रथम कॅनडात झाला. मॉन्ट्रियल शहरात फ्रेंच शिकणाऱ्या इंग्रजीभाषक विद्यार्थ्यांचा अभ्यास करून रॉबर्ट गार्डनर व वॉलेस लॅम्बर्ट या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९५९ साली असे प्रतिपादन केले की, परभाषा शिकण्यामागे मुख्यतः दोन प्रकारचे हेतू संभवतात. त्या भाषेच्या लोकांविषयी आस्था वाटून त्यांच्याशी एकरूप व्हावे, निदान त्यांच्या निकट जावे, हा एक. आणि नोकरी, बढती, परीक्षा किंवा प्रतिष्ठा यांसाठी ती भाषा साधन म्हणून हस्तगत करावी, हा दुसरा. आपल्या मुलुखात या दोहोंची उदाहरणे शोधावयास दूर जावे लागत नाही. कचेरीसाठी फारसी शिकणारा कारकून हा दुसऱ्या प्रकारचा, आणि म्हणूनच कचेरीची भाषा पालटताच त्याच्या नातवाने फारसी सोडून दिली. पहिल्या प्रकारासाठी याच जिल्ह्यातील बेने इस्रायली समाजाकडे पाहावे. पेणकर, किहीमकर, चेऊलकर अशी गावांवरून पडलेली आडनावे धारण करणारा आणि घरात मराठी बोलणारा हा समाज आपल्या प्रार्थनेची हिब्रू भाषा पुन्हा नीट शिकू पाहत होता, आणि त्यांच्यासाठी जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ साली हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे मराठीतून लिहिली. विल्सनचा उद्देश धर्मप्रसाराचा असेल. शिकणाऱ्यांचा मात्र आपल्या पूर्वजांच्या ग्रंथाशी नाते जोडण्याचा होता, आणि तो कोणत्याही पगारावर अवलंबून नव्हता.

गार्डनर व लॅम्बर्ट यांचा कल असा होता की, आत्मीयतेची प्रेरणा ही साधनरूप प्रेरणेपेक्षा अधिक टिकाऊ व अधिक फलदायी असते. या मताची परीक्षा मराठी मुलींवर झाली, ही गोष्ट आपल्याकडील फार थोड्या शिक्षकांस ठाऊक आहे. मुंबईतील यास्मिन लुकमानी यांनी मराठी मातृभाषा असलेल्या आणि पाश्चात्त्य राहणीपासून बऱ्याच दूर असलेल्या ६० शाळकरी मुलींचा अभ्यास करून त्याचे निष्कर्ष १९७२ साली प्रसिद्ध केले. या मुलींना इंग्रजी शिकावीशी वाटत होती ती इंग्रज लोकांविषयीच्या किंवा घरात इंग्रजी बोलणाऱ्या वर्गाविषयीच्या प्रेमामुळे नव्हे. चांगले शिक्षण, चांगली नोकरी आणि आधुनिक जीवनात स्वतःच्या पायांवर उभे राहण्याची शक्यता त्यांना त्या भाषेत दिसत होती. आणि विशेष हे की, ही साधनरूप प्रेरणा ज्या मुलीत जितकी प्रबळ, तितकी तिची इंग्रजीची जाण अधिक चांगली, असे आढळले. मॉन्ट्रियलचा सिद्धान्त मुंबईच्या या मुलींना जसाच्या तसा लागू पडला नाही. परभाषा शिकताना आपलेपण सोडावे लागत नाही, मराठी राहूनच ती उत्तम शिकता येते, हे या अभ्यासाने स्वच्छपणे दाखविले. आणि इंग्रजी शिकविण्यासाठी वर्गात आंग्लाळलेले वातावरण निर्माण करावे लागते, असे समजणाऱ्यांनी ते अवश्य ध्यानी घ्यावे.

परंतु येथे एक अडचण उभी राहते. साधनरूप प्रेरणाच जर पुरेशी असेल, तर नागोठण्याच्या मुलांना इंग्रजीची ओढ आपोआप लागावयास हवी होती. गावाच्या वेशीवर इंडियन पेट्रोकेमिकल्सचा, आता रिलायन्सकडे असलेला, प्रचंड कारखाना आहे; रोह्याला औद्योगिक वसाहत आहे; आयटीआय किंवा पदविका घेतलेल्या मुलाला ज्या मुलाखतीस सामोरे जावयाचे, तिच्यात इंग्रजीचा शब्द येणारच, हे आठवीतल्या मुलासही कळते. दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकून चांगले गुण मिळविलेला विद्यार्थी अकरावीच्या विज्ञान शाखेत जातो आणि तोच विषय एकाएकी इंग्रजीतून समोर आलेला पाहून गोंधळतो, हेही प्रत्येक घरात एखाद्या थोरल्या भावंडाच्या रूपाने पाहिलेले असते. गरज दारात उभी असूनही ओढ का लागत नाही? कारण गरज भविष्यकाळात असते आणि अपयश वर्तमानकाळात असते. मूळचे हंगेरीचे आणि पुढे इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठात अध्यापन केलेले झोल्टान डोर्नेई यांनी २००५ साली मांडलेल्या विचाराचे मर्म हेच आहे की, परभाषा बोलत असलेल्या स्वतःचे चित्र ज्याच्या मनश्चक्षूंपुढे स्पष्ट उभे राहते, आणि ते चित्र आपल्याला साध्य होण्यासारखे आहे असे ज्यास वाटते, तोच तिच्यासाठी श्रम करतो. ‘तुला हे आले पाहिजे’ असे इतरांनी लादलेले चित्र त्या मानाने दुबळे ठरते. आणि या दोहोंच्या जोडीला वर्गात रोज येणारा प्रत्यक्ष अनुभव ही तिसरी शक्ती काम करीत असते.

हा रोजचा अनुभव आपल्या सामान्य वर्गात कसा असतो, ते पाहावे. शिक्षक धड्यातील एक वाक्य वाचतात, त्याचा मराठी अर्थ सांगतात, पुढचे वाक्य वाचतात. मुले कठीण शब्दांचे अर्थ पेन्सिलीने ओळीच्या वर बारीक अक्षरांत लिहून घेतात. मग प्रश्नोत्तरे फळ्यावर येतात, ती वहीत उतरतात, आणि ज्यांची वही अपुरी राहते ते गाईड उघडतात. मधूनच एखाद्याला उभे करून वाचावयास सांगितले जाते. तो एका उच्चारापाशी अडखळतो, मागच्या बाकावरून हसू फुटते, आणि त्या दिवसापासून तो मुलगा त्या तासाला मान खाली घालून बसावयास शिकतो. या संपूर्ण तासात भाषेच्या साहाय्याने काही घडले आहे काय? कोणाला नवी बातमी कळली, कोणी कोणाला वाट दाखविली, कोणी काही मागितले व ते मिळाले, असे काही झाले काय? भाषा ज्या कामासाठी जन्माला आली, ते कामच जेथे होत नाही, तेथे तिची ओढ लागावी कशी?

डोर्नेई यांनी काटा चिझेर या सहकारी अभ्यासिकेच्या साहाय्याने १९९८ साली हंगेरीतील इंग्रजीच्या २०० शिक्षकांना, विद्यार्थ्यांस उद्युक्त करण्याचे कोणते उपाय तुम्हास महत्त्वाचे वाटतात, असे विचारले होते. त्यांच्या उत्तरांतून निघालेल्या दहा सूत्रांत अग्रस्थान शिक्षकाच्या स्वतःच्या आचरणाला मिळाले. त्यामागोमाग वर्गातील मोकळे वातावरण, काम नीट समजावून देणे, विद्यार्थ्यांशी जिव्हाळ्याचे संबंध, त्यांचा आत्मविश्वास वाढविणे, तास रंजक करणे, विद्यार्थ्यास स्वातंत्र्य देणे इत्यादी गोष्टी आल्या. यांतील एकाही सूत्राला पैसा लागत नाही, हे आपल्यासारख्या देशात मुद्दाम सांगण्यासारखे आहे. ज्या शिक्षकाच्या हातात विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरे इंग्रजी पुस्तक कधी पाहिले नाही, किंवा एखादा शब्द अडला असता जो विद्यार्थ्यांदेखत निःसंकोचपणे शब्दकोश उघडीत नाही, त्याने वाचनाचे महत्त्व कितीही सांगितले तरी ते व्यर्थ होय.

पण उपदेशापेक्षा प्रयोग श्रेष्ठ, आणि असा एक मोठा प्रयोग आपल्याच देशात होऊन गेला आहे. भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर व दक्षिणेतील इतर काही ठिकाणच्या साध्या शाळांत व्याकरणाचे नियम बाजूस ठेवून मुलांना इंग्रजीतून सोडविण्याच्या समस्या दिल्या. नकाशावरून मार्ग काढणे, आगगाडीच्या वेळापत्रकावरून कोणती गाडी धरावी ते ठरविणे, अशी ती कामे असत. प्रथम तशीच एक समस्या शिक्षक सगळ्या वर्गासमोर प्रश्नोत्तरांनी सोडवून दाखवी, आणि मग दुसरी प्रत्येकाने आपापली सोडवावयाची. मुलाचे लक्ष उत्तराकडे लागलेले असे, आणि भाषा त्या ओघात आत जाई. या प्रयोगात काम योग्य आहे की नाही, हे ओळखण्याची एक सोपी कसोटी ठरविली होती. निम्म्या वर्गाला निम्मे काम जमले, म्हणजे ते काम योग्य मानावयाचे. याहून सोपे काम मुलांस क्षुल्लक वाटते, आणि याहून कठीण काम त्यांना हताश करते. आपल्या प्रश्नपत्रिका व गृहपाठ या कसोटीस लावून पाहिले, तर इच्छेचा अभाव कोठे निर्माण होतो, हे ध्यानात येण्यास विलंब लागणार नाही.

नागोठण्याच्या शाळेस यासाठी बंगळूरकडून काही मागवावे लागणार नाही. दिवा-रोहा मार्गावर पेण, कासू, नागोठणे, निडी, रोहा अशी ओळीने स्थानके आहेत. त्या गाड्यांचे इंग्रजी वेळापत्रक फळ्यावर लिहून, पेणला सकाळी अमुक वाजता पोहोचावयाचे असलेल्या आणि दुपारच्या आत परतावयाचे असलेल्या माणसाने कोणती गाडी धरावी, असे विचारले, की ज्या मुलाला कवितेचे रसग्रहण नकोसे वाटते, तोही पुढे सरकून बसतो, कारण या गाड्यांविषयी शिक्षकांहून त्याला अधिक ठाऊक असते. तसेच महामार्गावरून रात्रंदिवस जाणाऱ्या रसायनांच्या व वायूच्या टँकरांकडे पाहावे. त्यांच्या पाठीवर व बाजूस कायद्याने एक माहितीफलक लावावा लागतो. त्यावर पदार्थाचे इंग्रजी नाव असते, आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो, ज्वालेचे किंवा कवटीचे चिन्ह असलेला चौकटीचा शंकरपाळा असतो, आणि संकटकाळी ज्यावर बोलावयाचे तो दूरध्वनी क्रमांक असतो. स्वयंपाकाच्या वायूचा क्रमांक १०७५. हा फलक वहीत काढून, त्यातील प्रत्येक शब्दाचा अर्थ लावून, मग दोघा-दोघांनी मिळून अपघाताची खबर देणाऱ्याचा आणि ती घेणाऱ्याचा संवाद इंग्रजीत रचावा: कोठे, कोणता टँकर, कोणता क्रमांक, गळती आहे की आग. येथे चुकीचे क्रियापद आले तरी खबर पोहोचली पाहिजे, आणि खबर पोहोचली की मुलाला कळते की, आपण त्या भाषेत काहीतरी केले. महामार्गालगत राहणाऱ्या मुलास हे ज्ञान इंग्रजीच्या गुणांखेरीजही उपयोगी आहे.

याहूनही समृद्ध सामग्री पेणमध्ये आहे. पेण शहर आणि त्याच्या आसपासची हमरापूर, जोहे यांसारखी गावे गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी सर्वश्रुत आहेत, आणि तेथील मूर्ती परदेशांतील मराठी व भारतीय घरांपर्यंत जातात. या परिसरातील अनेक मुलांच्या घरी किंवा शेजारी साचे, शाडू, रंग आणि डोळ्यांच्या आखणीची नाजूक कुंचली हे सारे नित्याचे असते. अशा मुलास ‘मूर्ती कशी घडते ते परदेशातील ग्राहकाला समजावून सांग’ असे म्हटले, की वर्गातील नेहमीची स्थिती पालटते. विषयाचा जाणकार विद्यार्थी असतो, भाषेचा जाणकार शिक्षक असतो, आणि दोघांनाही एकमेकांची गरज असते. आखणी झाल्यावरच मूर्ती पूर्ण का मानतात, हे इंग्रजीत सांगताना मुलाला शब्द कमी पडतात. आणि शब्द कमी पडल्याची जाणीव त्याला स्वतःस होते, त्या क्षणी दिलेला शब्द तो जन्मभर विसरत नाही. शब्दांची यादी पाठ करावयास देऊन ही उत्सुकता कधीच उत्पन्न करता येत नाही.

आता बक्षिसे, गुण आणि शिक्षा यांविषयी. पारितोषिकाने विद्यार्थी पुढे येतात, यात संशय नाही. रोह्याच्या देशमुख घराण्यातील चिंतामणराव देशमुखांनी १९१२ साली मॅट्रिकला पहिला क्रमांक मिळवून संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती पटकाविली, आणि त्या शिष्यवृत्तीच्या लौकिकाने कित्येक पिढ्या मराठी मुले संस्कृतच्या अभ्यासात रात्री जागली. तथापि चिंतामणरावांचे संस्कृत शिष्यवृत्तीपाशी थांबले नाही. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री झालेल्या या गृहस्थाने कालिदासाचे मेघदूत मराठीत आणले, ते कोणत्या बक्षिसासाठी नव्हे. पारितोषिक दार उघडते, आत राहण्याची इच्छा मात्र रसातून येते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांच्या १९७१ च्या प्रयोगात, ज्या विद्यार्थ्यांना कोडी सोडविण्याबद्दल पैसे दिले गेले, त्यांचा मोकळ्या वेळेत स्वखुशीने कोडी सोडविण्याकडील कल पुढे मंदावला. शिवाय पारितोषिक पहिल्या दोघा-तिघांना मिळते, आणि उरलेल्या पन्नासांना ते आपल्यासाठी नाही, एवढाच धडा मिळतो. परभाषेच्या वर्गात ज्यांची चिंता करावयाची, ते हेच पन्नास होत.

विद्यार्थ्यास निवडीचा अधिकार दिला असता काय होते, याचे एक सुंदर उदाहरण मराठवाड्यातील आहे. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातील गाडीवाट या गावच्या जिल्हा परिषद शाळेने २०१९ साली चौथी ते आठवीच्या मुलांना, तुम्हाला कोणती परदेशी भाषा शिकावीशी वाटते, असे विचारले. यंत्रमानव आणि तंत्रज्ञान यांचे आकर्षण असलेल्या मुलांपैकी बहुसंख्यांनी जपानी भाषा निवडली. पुढील वर्षी टाळेबंदीत शाळा बंद असतानाही इंटरनेटद्वारा हे शिक्षण चालू राहिले, आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोन होता ती मुले ‘विषयमित्र’ म्हणून, ज्यांच्याकडे नव्हता त्यांना शिकवू लागली. खेड्यातील मुलांना परभाषा झेपत नाही, हा समज या एका शाळेने खोटा ठरविला. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्यासंबंधी करार केला आणि त्यासाठी जर्मन शिकविण्याची तजवीज आरंभली. म्हणजे यापुढे परभाषेचा प्रश्न इंग्रजीपुरता मर्यादित राहणार नाही, आणि इंग्रजीच्या वर्गात ज्या चुका आपण दशकानुदशके केल्या, त्याच जर्मनच्या वर्गात करावयाच्या की नाही, हे आपल्याला आजच ठरविले पाहिजे.

एक गोष्ट मुद्दाम नमूद करावीशी वाटते. वर्गात मराठी बोलणाऱ्यास दंड करण्याची प्रथा काही ठिकाणी आढळते, ती ताबडतोब बंद व्हावी. ज्या मुलाला मराठीत नीट प्रश्न विचारता येतो, त्यालाच पुढे इंग्रजीत विचारता येतो. मातृभाषेचा आधार काढून घेतल्याने परभाषेची ओढ लागत नाही, बोलण्याचीच भीती बसते. अडलेला शब्द मराठीत सांगून उरलेले वाक्य इंग्रजीत पूर्ण करणारा मुलगा प्रगतिपथावर आहे, असेच समजावे, आणि त्याच्या चुकीवर हसणाऱ्यास पहिली समज द्यावी.

शिक्षकाला दोष देण्यासाठी हे लिहिलेले नाही. पन्नास-साठ मुलांचा वर्ग, पूर्ण करावयाचा अभ्यासक्रम, निवडणुकीपासून जनगणनेपर्यंतची सरकारी कामे, आणि निकालाच्या टक्केवारीवरून होणारी पारख, या ओझ्याखाली तो काम करतो, हे सर्वांस विदित आहे. म्हणून मागणी शिक्षकाकडे जितकी, तितकीच शाळेच्या चालकांकडे व शिक्षणखात्याकडे आहे. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्याने किती धडे संपले, हे विचारण्यापूर्वी या आठवड्यात किती मुले इंग्रजीत स्वतःचे एक वाक्य बोलली, हे विचारावे. मुख्याध्यापकांनी आठवड्यातील एक तास असा राखून ठेवावा की, ज्यात पाठ्यपुस्तक बंद असेल आणि गावातील एखादे खरे काम त्या भाषेत केले जाईल. आणि पालकांनी ‘किती गुण पडले’ याच्या आधी ‘आज काय बोललास’ असे विचारावे. एवढे झाले, की मुलांना इच्छाच नाही, ही तक्रार करण्याचा अधिकार आपणास प्राप्त होईल. तोपर्यंत तो आपणास नाही.